समुद्रशास्त्रज्ञाचं आयुष्यभराचं काम कसं वाचायचं

ठाण्याच्या एका कॉलेजात मी एकतीस वर्षं ग्रंथपाल होते. निवृत्त झाले तरी ऐरोलीच्या घरी मुलं येतात. कुणाला जुना शोधनिबंध हवा असतो, कुणाला संदर्भसूची लावून हवी असते. गेल्या जूनमध्ये दिवाळे गावातली एक मुलगी आली. भूगोलात एम. ए. करते. प्रकल्पाचा विषय होता, एका समुद्रशास्त्रज्ञाची संशोधन-कारकीर्द आणि तिचा प्रभाव. तिनं क्लाउस विर्ट्की हे नाव निवडलं होतं. हातात चार कागद होते: जन्म, पदव्या, पदं, पुरस्कार, आणि शेवटी गुगल स्कॉलरवरून उतरवून घेतलेला सायटेशनचा आकडा, म्हणजे इतरांनी त्याच्या निबंधांचे संदर्भ किती वेळा दिले ते.

"मॅडम, एवढं बास ना?"

मी ते कागद दोनदा वाचले. चूक एकही नव्हती. पण या माणसानं आयुष्यभर पाण्याकडे बघितलं, हे त्या चार पानांतून कळतच नव्हतं. नाव बदललं असतं तर तेच कागद एखाद्या अर्थतज्ज्ञालाही चालले असते. पुढचे तीन आठवडे आम्ही दोघी बसलो आणि ते काम पुन्हा केलं. कसं केलं ते इथे लिहिते आहे. तुमचा शास्त्रज्ञ दुसरा असेल, तरी रीत हीच ठेवा.

आधी पाणी, माणूस नंतर

चरित्र उघडण्याआधी, तुमच्या शास्त्रज्ञानं जे मोजलं ते स्वतः एकदा मोजून बघा, अगदी घरगुती पातळीवर का होईना. विर्ट्कीच्या कामाचा मोठा भाग समुद्राच्या पातळीवर उभा आहे. म्हणून मी तिला विचारलं, भरती कधी येते ते तुमच्या घरी कसं सांगतात? ती हसली. तिचे आजोबा कोळी, त्यांना पाउणकी तोंडपाठ आहे. तिथीची पाऊणपट केली की भरतीचा तास मिळतो. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता. पौर्णिमा उलटली की प्रतिपदेपासून मोजणी पुन्हा सुरू. अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण, अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे पाण्याची चढ-उतार सर्वांत कमी.

मी तिला म्हटलं, आता पंधराची पाऊणपट कर. सव्वाअकरा आले. पण पौर्णिमेला आपल्याकडे भरती बाराच्या सुमारास येते. मग ही पाऊण तासाची तूट कुठून आली? तिनं कधी विचारच केला नव्हता. खरं प्रमाण पाऊण नाही, चार-पंचमांशाच्या जवळचं आहे. पाउणकी तोंडी करायला सोपी, म्हणून ती टिकली. रोज थोडं मागे पडत जाणारं हे गणित पंधरवडा संपला की आपोआप नव्यानं सुरू होतं, त्यामुळे कामाला पुरतं. आणि खाडीत जसजसं आत ठाण्याकडे जावं तसतशी भरती आणखी उशिरा पोचते, तो फरक वेगळाच.

ही तूट मी तिला वहीच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात लिहायला लावली: हिशेबानं पाणी जिथे असायला हवं आणि प्रत्यक्षात जिथे आहे, त्यांतला फरक. विर्ट्कीची चाळीस वर्षं या एका ओळीवर वाचता येतात, असं माझं मत आहे. पुढे का ते येईलच.

दुसरं काम बादलीचं. हार्डवेअरच्या दुकानातून दीड इंची पीव्हीसी पाइपचा हातभर तुकडा आणि त्याच्या मापाची एंड कॅप आणा. कॅपला तापवलेल्या दाभणानं एक बारीक भोक पाडा. पाइप बादलीत उभा धरा, भोक खाली. आत थर्मोकोलची गोळी सोडा आणि तिच्यात झाडूची काडी उभी खोचा. आता बादलीतलं पाणी हातानं जोरात हिंदकळवा. बाहेर लाटा उसळतात, आतली काडी जवळपास हलत नाही. मग तांब्यानं हळूहळू पाणी ओतत जा. काडी शांतपणे वर येते. झाला तुमचा भरतीमापक. जुने भरतीमापक असेच होते: धक्क्यावर उभी नळी, खाली बारीक तोंड, आत तरंगता गोळा, वर तारेनं जोडलेलं पेन आणि घड्याळाच्या चावीवर फिरणारा कागदाचा दंडगोल. लाटांची गडबड नळीच्या तोंडाशीच थांबते, आत येतं ते फक्त सावकाश चढणारं-उतरणारं पाणी. मुंबईत अपोलो बंदरावर १८७८ पासूनच्या अशा नोंदी आहेत. हिंदी महासागरातल्या सर्वांत लांब मालिकांपैकी ती एक आहे, आणि ती आपल्या लोकलच्या टप्प्यात आहे.

माझ्या गॅलरीत आम्ही हा प्रयोग केला तेव्हा ती मुलगी बराच वेळ त्या काडीकडे बघत बसली. मग स्वतःहून म्हणाली, "म्हणजे भरती-ओहोटीसुद्धा अशीच गाळून टाकली तर?" अगदी बरोबर. लाटा नळी गाळते, भरती-ओहोटी महिन्याची सरासरी गाळते. नंतर जे उरतं ते जेमतेम वीतभर-दीड वीत असतं, पण ते महिनोन्‌महिने टिकतं. एवढ्याशा उरलेल्या पाण्यावर विर्ट्कीनं प्रशांत महासागराचं वागणं वाचलं.

कारकीर्दीचा तक्ता: पदं नकोत, पाणी लिहा

आता कागदावर तीन रकाने आखा. पहिल्यात साल आणि गाव. दुसऱ्यात त्या काळात हा माणूस कुठलं पाणी बघत होता ते. तिसरा महत्त्वाचा: मोजमापं कुणाची होती? स्वतःच्या जहाजावरची, दुसऱ्याच्या, की जुन्या दप्तरातली?

विर्ट्कीचा तक्ता असा भरला. जन्म १९२५, अप्पर सायलेशियातलं टार्नोवित्झ, आज ते पोलंडमध्ये आहे. १९५० मध्ये जर्मनीत कील विद्यापीठाची डॉक्टरेट. १९५४ ते ५७ जकार्ता, तिथल्या सागरी संशोधन संस्थेत. पाणी इंडोनेशियाच्या बेटांमधलं. मोजमापं काही 'समुदेरा' या जहाजावरची (इंडोनेशियन भाषेतला हा शब्द आपल्याला ओळखायला वेळ लागत नाही) आणि बरीचशी जुन्या नोंदींतली. मग थोडा काळ मोनॅको, पुढे ऑस्ट्रेलिया. १९६१ मध्ये कॅलिफोर्नियातली स्क्रिप्स संस्था. १९६४ पासून निवृत्तीपर्यंत हवाई विद्यापीठ. २०१३ मध्ये होनोलुलूत निधन.

तक्ता भरला की तिसऱ्या रकान्यावरून बोट फिरवा. विर्ट्कीच्या बाबतीत तिथे पुन्हा पुन्हा एकच गोष्ट दिसते: दुसऱ्यांनी मोजून ठेवलेलं, विखुरलेलं, कुणी एकत्र न पाहिलेलं. दुसऱ्या रकान्यात बघा. जकार्त्याचं पाणी मोसमी वाऱ्यांचं आहे. तिथे वर्षाची सरासरी काढली तर हाती काहीच लागत नाही, कारण सहा महिने पाणी एकीकडे वाहतं आणि सहा महिने उलट दिशेनं. तिथे काम करणाऱ्याला महिन्या-महिन्याचा नकाशा काढावाच लागतो. १९६१ साली त्यानं आग्नेय आशियाच्या समुद्रांवरचा ग्रंथ 'नागा रिपोर्ट'च्या दुसऱ्या खंडात छापला, त्यात पृष्ठभागावरच्या प्रवाहांचे असे मासिक नकाशे आहेत. महिन्याच्या हिशेबानं विचार करायची ही सवय पुढच्या सगळ्या कामात दिसते. पदांच्या यादीत ती सापडली नसती.

इथे एक सावधगिरी. आपल्याकडच्या शास्त्रज्ञांवर काम करत असाल तर नाव नीट पक्कं करा. दक्षिणेकडची नावं कधी आद्याक्षरांसह, कधी पूर्ण छापली जातात. स्त्रियांची आडनावं लग्नानंतर बदलतात. नोकरीत असताना एका विद्यार्थ्याला मी सायटेशनची यादी काढून दिली होती. एकच आडनाव, एकच आद्याक्षर, आणि दोन वेगळी माणसं: एक समुद्रातला, एक रसायनशास्त्रातला. दोघांचे निबंध मी एकत्र केले. तोंडी परीक्षेत ते उघडं पडलं आणि त्या मुलाचे गुण गेले. माझ्या चुकीची किंमत त्यानं मोजली, हे मला आजही टोचतं. तेव्हापासून प्रत्येक निबंधावरचा संस्थेचा पत्ता बघितल्याशिवाय मी तो यादीत घेत नाही. तुम्हीही घेऊ नका.

चारच कामं निवडा आणि आकृत्यांपासून सुरुवात करा

शंभर-दीडशे निबंधांची यादी बघून घाबरायचं कारण नाही. चार निवडा: एक तरुणपणाचं, एक सर्वांत मोठं, एक सर्वांत छोटं पण गाजलेलं, आणि एक फसलेलं. हे चौथं फार जण टाळतात. वाचताना आधी आकृत्या, मग त्यांच्याखालच्या ओळी, मग शेवटचा परिच्छेद. मधलं गणित जमेल तेवढं.

तरुणपणाचं काम वर आलंच. (त्याच काळातला १९६२ चा ऑक्सिजनवरचा निबंधही चाळून ठेवा. समुद्रात मध्यम खोलीवर कमी ऑक्सिजनचा थर का असतो, यावर त्याचं म्हणणं होतं की ऑक्सिजन संपतो तो जीवरासायनिक प्रक्रियांनी, पण हा थर कुठे बसणार ते प्रवाह ठरवतात. आपल्या अरबी समुद्रात असा एक फार मोठा थर आहे, त्यामुळे इथल्या संशोधकांना तो प्रश्न परका नाही.)

सर्वांत मोठं काम म्हणजे १९७१ चा ॲटलास. १९५९ ते ६५ या काळात आंतरराष्ट्रीय हिंदी महासागर मोहीम झाली, चाळीसहून अधिक जहाजं अनेक देशांतून आली. भारतही त्यात होता. याच मोहिमेतून पुढे १ जानेवारी १९६६ ला आपली राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था उभी राहिली, जी आज गोव्यात दोना पावलाला आहे. तिचं एक केंद्र मुंबईत अंधेरीला आहे. या सगळ्या जहाजांनी मोजलेलं तापमान, क्षारता, ऑक्सिजन असा पसारा एकत्र करून, पारखून, नकाशांत मांडायचं काम विर्ट्कीकडे आलं. पाचशेहून जास्त पानांचा ग्रंथ झाला. माझ्यासारख्या ग्रंथपालाला हा ग्रंथ विशेष जवळचा वाटतो. इतरांनी आणलेली सामग्री लावून ठेवणं, संशयास्पद आकडे बाजूला काढणं, पुढच्या माणसाला हात घालताच सापडेल असं करणं, हे आमचंच काम आहे, फक्त समुद्राएवढं मोठं.

आता छोटं पण गाजलेलं. १९७३ मध्ये 'सायन्स' साप्ताहिकात त्याचा हिंदी महासागरातल्या विषुववृत्तीय वेगवान प्रवाहावरचा निबंध आला. अवघी तीन पानं. या तीन पानांवर आम्ही चार दिवस घालवले, कारण यात तूट कशी वाचायची याचा धडाच आहे.

जुन्या काळी भर समुद्रात जहाजाचा कप्तान दुपारी हिशेब करायचा: काल दुपारपासून अमुक वेगानं, अमुक दिशेनं आलो, म्हणजे आता अमुक ठिकाणी असायला हवं. मग सूर्य-ताऱ्यांवरून खरं ठिकाण काढायचा. दोन्हीत फरक निघायचा. तो फरक म्हणजे पाण्यानं जहाज किती वाहवत नेलं ते. कप्तान तो फरक वहीत लिहून पुढे जायचा. अशा हजारो वह्यांतल्या नोंदी महिन्यांप्रमाणे लावल्या की महासागराच्या पृष्ठभागावरचे प्रवाह उमटतात. कप्तानाला जी चूक वाटायची, तीच संशोधकाची सामग्री झाली. आमच्या दिवाळ्याच्या मुलीला हे सांगताच कळलं. तिचे आजोबा होडी किती 'वाहवली' यावरूनच पाण्याचा जोर सांगतात.

तर विर्ट्कीनं दाखवलं ते हे. आपला पावसाळी वारा नैर्ऋत्येचा, हिवाळी वारा ईशान्येचा. पण दोन्हींच्या सांध्यात, एप्रिल-मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये, विषुववृत्तावर पश्चिमेकडून पूर्वेकडे वारा वाहतो. पृथ्वीच्या फिरण्यामुळे एरवी प्रवाह वाऱ्याच्या दिशेपासून बाजूला ढळतात. विषुववृत्तावर ते ढळणं नाहीसं होतं. त्यामुळे तिथे वारा पाण्याला सरळ पुढे ढकलतो आणि एक अरुंद, जोरदार प्रवाह तयार होतो, आफ्रिकेच्या बाजूकडून सुमात्राकडे. वेग सेकंदाला सुमारे एक मीटर, म्हणजे चालत्या माणसाच्या वेगाच्या जरासाच खाली, पण महासागराच्या मधोमध आणि हजारो किलोमीटर. वरच्या थरातलं गरम पाणी त्याच्याबरोबर पूर्वेला जातं. पूर्वेकडे गरम थर जाड होतो, पश्चिमेकडे पातळ. वर्षातून दोनदा. आज जगभर याला 'विर्ट्की जेट' म्हणतात.

पुढे १९७५ चा एल निनोवरचा (काही वर्षांनी पूर्व प्रशांताचं पाणी तापतं, त्या घटनेवरचा) निबंधही याच्याच शेजारी ठेवून वाचा. तोवर पेरूच्या किनाऱ्यावरचा वारा मंदावतो म्हणून तिथलं पाणी तापतं, असा समज होता. विर्ट्कीनं बेटांवरच्या भरतीमापकांच्या नोंदी आणि वाऱ्यांच्या नोंदी जुळवून वेगळं सांगितलं. एल निनोच्या आधी वर्षभराहून जास्त काळ मध्य प्रशांतावरचे व्यापारी वारे जोरात असतात. ते पाणी पश्चिमेला, इंडोनेशियाच्या बाजूला, रेटून ठेवतात. वारे ढिले पडले की साठलेलं पाणी लाटेच्या रूपात पूर्वेला परततं आणि पेरूशी गरम पाण्याचा थर जाड होतो. ताट एका बाजूनं उचलून धरावं आणि मग सोडून द्यावं, तसं. कारण पेरूत नव्हतं, हजारो किलोमीटर दूर होतं. आणि हे दिसलं कशावरून? नळीतल्या त्या काडीवरून.

फसलेलं काम वगळू नका

१९७४ च्या अखेरीस विर्ट्की आणि सहकाऱ्यांनी पुढच्या वर्षी एल निनो येईल असं भाकीत केलं आणि ते तपासायला १९७५ मध्ये पूर्व प्रशांतात जहाज पाठवलं. सुरुवातीला गरम पाणी सापडलंही. पण दुसऱ्या फेरीपर्यंत ते ओसरलं होतं. घटना क्षीण निघाली. त्यांनी हे १९७६ मध्ये 'सायन्स'मध्येच छापलं: भाकीत काय होतं, पाण्यात काय दिसलं, दोन्ही.

तिनं हा भाग गाळला होता. म्हणाली, प्रभाव दाखवायचा तर अपयश कशाला? मी तिला त्या निबंधाचं साल दाखवलं आणि मग पुढची वर्षं दाखवली. आधी सांगून, जहाज घेऊन, एल निनोची वाट बघायला निघण्याची रीत तिथून पुढे रुजली. १९८२-८३ चा प्रचंड एल निनो आला तेव्हा विर्ट्कीनं प्रशांतातल्या बेटांवर उभं केलेलं भरतीमापकांचं जाळं चालू होतं आणि पाणी पश्चिमेकडून पूर्वेला सरकताना नोंदलं गेलं. १९८५ मध्ये प्रशांताच्या विषुववृत्तीय पट्ट्यावर दहा वर्षांचा आंतरराष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. फसलेल्या भाकिताचं पान काढलं तर ही साखळीच तुटते.

प्रभाव: आकडा नको, वाक्यं उतरवून घ्या

एका बाहेरून आलेल्या परीक्षकांनी तिला आधीच्या सादरीकरणात विचारलं होतं, "एच-इंडेक्स किती?" आणि उत्तर आल्यावर पुढे काहीच विचारलं नव्हतं. मला याचं मनापासून वाईट वाटलं. किती निबंधांना निदान तितकीच सायटेशन मिळाली, ते सांगणारं एच-इंडेक्स हे माप भौतिकशास्त्रज्ञ होर्हे हिर्श यांनी २००५ मध्ये सुचवलं. विर्ट्कीचं महत्त्वाचं सगळं काम त्याच्या कितीतरी आधी झालेलं. सायटेशनची सूची १९६४ च्या सुमारास यूजीन गारफील्ड यांनी छापायला घेतली ती मुळात साहित्य शोधायचं साधन म्हणून. निबंधावरून निबंधाकडे जाता यावं, एवढा साधा हेतू. त्या साधनाचा तराजू नंतर झाला. शिवाय ॲटलाससारखे ग्रंथ या मोजणीत नीट पकडले जात नाहीत, आणि नकाशा वापरणारा प्रत्येक जण नकाशाचं नाव लिहीलच असं नाही.

म्हणून असं करा. गुगल स्कॉलरवर निबंध शोधा, त्याखालच्या 'साइटेड बाय'वर जा. यादी लोकप्रियतेच्या क्रमानं येते. ती तशी वाचू नका. सालाप्रमाणे कापा: पहिली पाच वर्षं, मग वीस वर्षांनंतरची, मग अलीकडची. प्रत्येक कप्प्यातून सात-आठ निबंध उघडा आणि ज्या वाक्यात तुमच्या शास्त्रज्ञाचं नाव आलं आहे ते वाक्य वहीत उतरवा. जोडीला चारपैकी एक खूण करा: केवळ रिवाजाचा उल्लेख, सामग्रीचा वापर, तपासणी, विरोध किंवा दुरुस्ती. वीस-पंचवीस वाक्यं झाली की चित्र दिसू लागतं.

१९७३ च्या निबंधाचं चित्र असं दिसलं. पुढच्याच वर्षी ओब्रायन आणि हर्लबर्ट यांनी त्या प्रवाहाची सैद्धांतिक मांडणी केली. १९७६ मध्ये नॉक्स यांनी मालदीवच्या दक्षिण टोकाला अड्डू बेटांजवळ प्रत्यक्ष मोजलेले प्रवाह छापले. तीन वर्षांत निरीक्षण, सिद्धांत, मोजणी असा पूर्ण फेरा. १९९९ मध्ये साजी, गोस्वामी, विनयचंद्रन आणि यामागाता यांनी हिंदी महासागरातला 'डायपोल', म्हणजे पूर्व आणि पश्चिम बाजूंच्या पाण्याच्या तापमानाचं उलटसुलट झुलणं, मांडला. त्यानंतर विर्ट्की जेट कुठल्या वर्षी दुबळा पडतो आणि का, यावर नव्यानं कामं येत गेली. आणि अलीकडच्या निबंधांत एक गंमतीची नव्हे, लक्षात ठेवण्यासारखी गोष्ट: अनेक जण 'विर्ट्की जेट' असं लिहितात आणि १९७३ चा निबंध संदर्भात देतच नाहीत. नाव प्रवाहाचं झालं, माणसाचं राहिलं नाही. समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट मर्टन यांनी याच गोष्टीकडे लक्ष वेधलं होतं, की ज्ञान पुरतं मुरलं की मूळ संदर्भ द्यायचं थांबतं. म्हणून नुसतं प्रवाहाचं नाव टाकूनही शोधा. मोजणीत न आलेला प्रभाव तिथे सापडेल.

दुसरा न मोजला जाणारा प्रभाव सामग्रीचा. हवाई विद्यापीठाचं समुद्रपातळी केंद्र आजही जगभरच्या भरतीमापकांच्या नोंदी खुल्या ठेवतं. १९९२ मध्ये टोपेक्स-पोसायडन उपग्रह अवकाशातून समुद्राची उंची मोजू लागला, तेव्हा त्याची मापं सरकत तर नाहीत ना हे तपासायला बेटांवरच्या भरतीमापकांचाच आधार घेतला गेला. अशा तपासणीत नळीकडे लक्ष देणाऱ्या, चिखल काढणाऱ्या, कागद बदलणाऱ्या बेटांवरच्या माणसांची नावं कुठल्याच सायटेशनमध्ये येत नाहीत. तुमच्या प्रकल्पात त्यांच्यासाठी एक परिच्छेद ठेवा.

आपल्या किनाऱ्यापर्यंत आणा

हा भाग मी आग्रहानं करून घेतला. सुमात्राला धडकलेला तो वसंतातला आणि शरदातला जोर तिथेच संपत नाही. त्याचा काही भाग किनाऱ्याला धरून लाटेच्या रूपात बंगालच्या उपसागराभोवती फिरतो, आणि तिथला परिणाम श्रीलंकेला वळसा घालून आपल्या पश्चिम किनाऱ्यावरही येतो. हिवाळ्यात आपल्या किनाऱ्यालगतचा प्रवाह उत्तरेकडे, म्हणजे वाऱ्याच्या उलट का वाहतो, हे कोडं राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतल्या सतीश शेट्ये आणि सहकाऱ्यांनी प्रत्यक्ष मोजमापांतून हाताळलं. शेट्ये यांना १९९२ चं भटनागर पारितोषिक मिळालं, पुढे ते संस्थेचे संचालक झाले. संस्थेच्या डिजिटल भांडारात त्यांचे आणि इतरांचे कितीतरी निबंध फुकट वाचता येतात. भारतीय विज्ञान अकादमीची नियतकालिकंही खुली आहेत. पैसे मागणाऱ्या दारावर अडलात तर आधी या दोन ठिकाणी बघा.

मराठी घरातली कारकीर्द वाचायची असेल तर अदिती पंत यांची घ्या. नागपूरला जन्म, पुण्यात पदवी, हवाईत आणि लंडनमध्ये शिक्षण, सूक्ष्म वनस्पती-प्लवकांवर काम, गोव्यात संशोधन, आणि १९८३-८४ च्या तिसऱ्या भारतीय अंटार्क्टिका मोहिमेत सुदीप्ता सेनगुप्ता यांच्यासह सहभाग; भारतीय मोहिमेतून तिथे गेलेल्या या दोघी पहिल्या स्त्रिया. तीन रकान्यांचा तक्ता त्यांच्यासाठीही तसाच भरतो. फक्त दुसऱ्या रकान्यात पातळीऐवजी पाण्यातला जीव येतो.

लिहिण्याबद्दल थोडंच सांगते. पुरस्कार एका ओळीत उरका. प्रत्येक दाव्याजवळ एक आकृती किंवा एक उतरवलेलं वाक्य असू द्या. शास्त्रज्ञ हयात असतील तर त्यांना एक पत्र लिहा आणि त्यात एकच नेमका प्रश्न विचारा. 'आपल्या कार्याविषयी सांगा' अशा पत्राला उत्तर देणं कुणालाही अवघड असतं.

शेवटचं पान तिनं स्वतः ठरवलं. लिव्हरपूलमध्ये १९३३ पासून जगभरच्या समुद्रपातळीच्या मासिक सरासऱ्या जपणारी संस्था आहे. तिथून तिनं मुंबई आणि कोचीच्या फायली उतरवल्या. एक्सेलमध्ये बारा महिन्यांच्या सरासऱ्या काढल्या. कोचीची रेघ आधी काढली. ऐन पावसाळ्यात, नद्या दुथडी भरून समुद्रात ओतत असताना, कोचीला समुद्राची पातळी खाली जाते आणि नोव्हेंबर-डिसेंबरात वर येते. तिनं तीनदा फाईल तपासली, उलटं तर वाचत नाही ना म्हणून. मग आजोबांना फोन लावला आणि स्पीकरवर ठेवला. ते म्हणाले, पाऊस वरून पडतो गं, दर्याला त्याचं काय. दर्याचं पाणी कुठून येतं ते बघ.

तिनं ते वाक्य आलेखाखाली जसंच्या तसं लिहिलं, त्याखाली मुंबईची रेघ काढायला घेतली, आणि दोन रेघांमधला फरक मोजायला माझ्याकडे फुटपट्टी मागितली.